तबकडीवरची नावं

साठच्या दशकातल्या पॉप संगीतानं पुढच्या रॉक बँडना काय दिलं, असं विचारलं की एक ठरलेली वंशावळ पुढे येते. बीटल्सकडून ओएसिसनं घेतलं, किंक्सकडून ब्लरनं, बर्ड्सकडून आर.ई.एम.नं. ही वंशावळ खोटी नाही, पण ती फक्त गाजलेल्या नावांची आहे. आणि गाणं काही गाजलेली माणसं एकटी बनवत नाहीत. त्यात संध्याकाळपुरता बोलावलेला तबलजी असतो, रात्रभर बसून प्रत्येक व्हायोलिनसाठी वेगळा कागद लिहून देणारा असतो, आणि कधी कधी आपला आवाज कुणी ऐकतंय याची कल्पनाही नसलेला माणूस असतो. वीस-तीस वर्षांनी एखादा पोरगा ते गाणं ऐकून गिटार उचलतो, तेव्हा तो या सगळ्यांकडून शिकत असतो. तो इतिहास या लोकांना धरून पुन्हा लिहायला हवा, असं माझं म्हणणं आहे. आणि तसा लिहायला घेतला, तर त्यातला मोठा भाग मराठी मुलखात आणि गोव्यात सापडतो.

सुरुवात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यापासून करावी लागते. जानेवारी १९६५ मध्ये किंक्स हा लंडनचा बँड ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना मुंबईत थांबला होता. त्यांचा गीतकार-गायक रे डेव्हिस भल्या पहाटे जागा होता, आणि कामाला निघालेल्या मच्छीमारांचं एका सुरातलं गाणं त्याच्या कानावर पडलं. हे त्यानं स्वतः अनेकदा सांगितलं आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘सी माय फ्रेंड्स’ हे गाणं बाजारात आलं. त्यात सतार नाही, तबला नाही. आहे ती गिटारची एक तार, तंबोऱ्यासारखी सतत गुंजत राहणारी, आणि तिच्यावर एक कंटाळलेला, लांबवलेला सूर. बीटल्सचं सतार असलेलं ‘नॉर्वेजियन वुड’ त्यानंतर, डिसेंबर १९६५ मध्ये आलं. म्हणजे ज्याला पुढे ‘राग रॉक’ म्हणू लागले त्याच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांतल्या एकाचं बीज कुठल्या उस्तादाच्या मैफलीत पडलेलं नाही. ते मुंबईच्या किनाऱ्यावरच्या, बहुधा कोळी, माणसांच्या कष्टाच्या गाण्यात आहे. नव्वदच्या दशकात ब्लर बँडनं किंक्सना आपले पूर्वज मानलं. १९९५ साली ब्लरचा डेमन अल्बार्न ब्रिटिश दूरचित्रवाणीवर रे डेव्हिसच्या शेजारी बसून किंक्सचं ‘वॉटर्लू सनसेट’ गायला. त्या वंशावळीच्या मुळाशी जे मच्छीमार आहेत त्यांचं नाव कुणालाच माहीत नाही. ते कळणारही नाही.

पण ज्यांची नावं कळू शकत होती त्यांचं काय झालं? एप्रिल १९६६ मध्ये लंडनमध्ये अनिल भागवत नावाच्या तबलावादकाला फोन आला. अयाना अंगडी यांच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेमार्फत बीटल्स भारतीय वादक मिळवत असत. कुणा जॉर्जबरोबर वाजवायचं आहे, एवढंच भागवतांना कळलं होतं. न्यायला रोल्स रॉइस गाडी दारात आली, तेव्हा हे प्रकरण कोणाचं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं त्यांच्याबरोबर बसून तबला लावून घेतला, सोळा मात्रांचं काहीतरी रविशंकरांच्या ढंगानं हवं म्हणून सांगितलं, आणि बाकीचं त्यांच्यावर सोडलं. ते गाणं म्हणजे ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममधलं ‘लव्ह यू टू’. अल्बमच्या कव्हरवर अनिल भागवत हे नाव छापलेलं आहे. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव छापलं जाणं ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती.

पुढच्याच वर्षी ती दुर्मीळ गोष्ट घडली नाही. ‘सार्जंट पेपर’ या अल्बममधल्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांनी दिलरुबा वाजवली, बुद्धदेव कंसारा यांनी तंबोरा आणि नटवर सोनी यांनी तबला. अल्बमच्या जगप्रसिद्ध कव्हरवर कोणकोणाचे चेहरे आहेत ते पाहा: परमहंस योगानंद, युक्तेश्वर गिरी, लाहिरी महाशय, महावतार बाबाजी. चार भारतीय योगी कव्हरवर आणि चार भारतीय वादक आत, पण वादकांची नावं कुठेच नाहीत. ती कित्येक दशकांनी अभ्यासकांना शोधून काढावी लागली. अण्णा जोशी हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अभिमान वाटला नाही, चीड आली. ज्या अल्बमनं नंतरच्या प्रत्येक महत्त्वाकांक्षी रॉक बँडला ‘अल्बम म्हणजे एक सलग कलाकृती’ हा विचार दिला, त्याच्या दुसऱ्या बाजूचं दार एका अण्णांनी उघडलं होतं, आणि पन्नास वर्षं हे आपल्याकडे कुणाच्या गावीही नव्हतं.

मुंबईची गोष्ट अजून जवळची आहे. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईला आला आणि फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचा काही भाग ध्वनिमुद्रित केला. मुंबईत तेव्हा फक्त मोनो यंत्र होतं, म्हणून ईएमआयचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेनं आणवलं. स्टुडिओच्या भिंतींतून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येत असे. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ची वाद्यसाथही मुद्रित झाली. मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला निघालं. ‘वंडरवॉल म्युझिक’च्या वादकांत शिवकुमार शर्मा संतूरवर आहेत, आशिष खान सरोदवर. आणि बासरीवर आहेत एस. आर. केंकरे. हे आडनाव ऐकून गोव्यातल्या वाचकाला ते कुठलं हे सांगायची गरज नाही.

आता पुढची कडी. १९९५ साली ओएसिसनं ‘वंडरवॉल’ नावाचं गाणं काढलं. जगातल्या कुठल्याही हॉस्टेलमध्ये, गोव्यात हरमलच्या कुठल्याही शॅकमध्ये गिटार हातात आलेला पोरगा आधी हेच गाणं वाजवतो. नाव हॅरिसनच्या त्या अल्बमवरून घेतलेलं आहे. नाव घेतलं आणि आतलं सगळं सोडून दिलं. संतूर नाही, बासरी नाही, फोर्टचा तो रस्ता नाही. मी याला फार मोठा प्रभाव मानत नाही. त्या मानानं त्याच काळातल्या कुला शेकर या बँडनं जास्त मनापासून घेतलं. बँडचं नाव कुलशेखर राजावरून, गाण्यात संस्कृत नामघोष, आणि ‘गोकुला’ या गाण्यात ‘वंडरवॉल म्युझिक’मधल्या ‘स्कीइंग’ची गिटारची ओळ, हॅरिसनला रीतसर श्रेय देऊन. तरी ऐकताना वाटत राहतं की हा बँड आपल्या देवघराच्या उंबऱ्यावर उभा आहे, आत आलेला नाही.

मग खरा प्रभाव कशाला म्हणायचं? वाद्य घेणं, नाव घेणं, पेहराव घेणं हा प्रभावाचा सगळ्यात वरवरचा भाग. १९६६–६७ मध्ये इंग्रजी गाण्यांत सतारीची साथच आली होती, आणि तिचा सगळ्यात जास्त त्रास खुद्द रविशंकरांना झाला. टिकून राहिली ती रचनेची पद्धत. पाश्चात्त्य पॉप गाणं तोवर कॉर्ड बदलत पुढे जायचं. कॉर्ड बदलली की ऐकणाऱ्याला गाणं हललं असं वाटायचं. ‘टुमारो नेव्हर नोज’नं, म्हणजे ‘रिव्हॉल्व्हर’च्याच शेवटच्या गाण्यानं, जवळजवळ एकाच षड्जावर तीन मिनिटं उभं राहून दाखवलं. हलायचं ते आजूबाजूच्या आवाजांनी, ठेक्यानं, पुनरावृत्तीनं. ही गोष्ट इंग्लंडात क्रांतिकारक ठरली. कोरगावच्या कमळेश्वराच्या देवळात किंवा पेडणे तालुक्यातल्या कुठल्याही भजनी सप्ताहात बसलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. पेटीचा एक सूर धरलेला आहे, झांज आणि पखवाज लय वाढवत नेत आहेत, तेच चार शब्द फिरून फिरून येत आहेत, आणि मध्यरात्र उलटल्यावर त्या चार शब्दांतच सगळा गाव सामावलेला आहे. ‘टुमारो नेव्हर नोज’च्या वाटेनं १९९६ मध्ये केमिकल ब्रदर्सनी ओएसिसच्या नोएल गॅलाघरला घेऊन ‘सेटिंग सन’ केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. आणि त्याच दशकात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर यंत्रांतून निघणारा ‘गोवा ट्रान्स’ही एका सुरावर रात्रभर उभा राहात होता. किलिंग जोक या रॉक बँडचा बेस गिटारवादक यूथ यानं लंडनमध्ये त्याच संगीतासाठी ‘ड्रॅगनफ्लाय’ ही कंपनी काढली.

पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं उदाहरण बीटल्सच्या वाटेवर नाही. ते आपल्या सिनेसंगीताच्या वाटेवर आहे, आणि त्यात दोन्ही गोवे आहेत.

दोन गोवे म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगावं लागेल. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देश, सासष्टीत, पोर्तुगीज सत्ता सोळाव्या शतकापासून होती. तिथल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा वगैरे ही नवी काबिजाद. पोर्तुगीज इथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, आणि तोवर इथलं संगीत देवळाच्या चौकात पक्कं बसलं होतं: कीर्तन, भजन, दशावतार. पुढे त्यात संगीत नाटकही आलं. एका गोव्यानं कागदावरून वाजवलं, दुसऱ्यानं कानानं. घुमट हे वाद्य तेवढं दोघांकडे होतं, मांडोतही आणि चतुर्थीच्या आरतीतही. एरवी हे दोघे एका राज्यात राहून एकमेकांचं फारसं ऐकत नव्हते, आणि खेदानं म्हणावं लागतं की अजूनही ऐकत नाहीत.

ते एकमेकांना भेटले मुंबईच्या रेकॉर्डिंग रूममध्ये. सिनेमाच्या संगीतकारांना चाल सुचायची, पण चाळीस-पन्नास वादकांना ती वाटून द्यायची तर प्रत्येकाचा भाग लिहावा लागतो, स्वरमेळ बांधावा लागतो. ते काम येत होतं ते गोव्याच्या वादकांना. फाळणीपूर्वी लाहोरला वाद्यवृंद चालवलेले सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांचे संयोजक झाले. हळदोण्याचे चिक चॉकोलेट, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याशिवाय त्या काळचं हिंदी सिनेमाचं गाणं उभंच राहिलं नसतं. गोन्साल्विसांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव गाण्यात घातलं म्हणून ते नाव देशभर झालं, पण ते एका खऱ्याखुऱ्या व्हायोलिन-शिक्षकाचं आहे हे किती जणांना ठाऊक आहे?

त्याच खोलीत मायक्रोफोनसमोर उभ्या होत्या आशा भोसले. वडील दीनानाथ मंगेशकर फोंड्यातल्या मंगेशीचे, देवळाच्या सेवेतल्या घरातून आलेले, मराठी संगीत रंगभूमीचे अनभिषिक्त राजे. आशाताईंच्या साठच्या दशकातल्या गाण्यांत, ‘मेरे सनम’पासून १९६६ च्या ‘तीसरी मंझिल’पर्यंत, मला नाट्यसंगीत स्पष्ट ऐकू येतं. शब्द फेकण्याची ती पद्धत, सम चुकवत चुकवत नेमकी गाठण्याची ती हौस, श्वासाचाही सूर करून टाकणं, हे रॉक अँड रोल ऐकून आलेलं नाही. ते नाटकाच्या तंबूत शेवटच्या रांगेपर्यंत पोचायच्या गरजेतून आलेलं आहे, आणि वडिलांच्या गळ्यातून मुलीच्या गळ्यात उतरलेलं आहे. त्याच्यामागे ब्रास आणि व्हायोलिन वाजतायत ती जुन्या काबिजादीच्या चर्चशाळेतून आलेली. दोन्ही गोव्यांनी मिळून केलेलं हे साठच्या दशकातलं पॉप संगीत आहे. त्याला ‘पाश्चात्त्य नक्कल’ म्हणणाऱ्यांनी ते नीट ऐकलेलं नाही.

आता ते कुणी ऐकलं ते बघा. इंग्लंडात वाढलेला तजिंदर सिंग नावाचा पंजाबी घरातला मुलगा घरी हिंदी सिनेमाच्या रेकॉर्ड ऐकत मोठा झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लेस्टरमध्ये त्यानं कॉर्नरशॉप हा बँड काढला. ब्रिटनमधल्या आशियाई माणसाला कोपऱ्यावरचा दुकानदार समजणाऱ्या समाजाच्या तोंडावर फेकलेलं हे नाव होतं. १९९७ मध्ये त्यांचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ आलं. मोजक्या कॉर्ड, साठच्या दशकातल्या गिटार-बँडची अगदी सरळ चाल, आणि विषय आशा भोसले: पार्श्वगायिका, सिनेमा, पंचेचाळीस आरपीएमची छोटी रेकॉर्ड, आणि गरिबाच्या घरात तिचा असलेला आधार. फेब्रुवारी १९९८ मध्ये नॉर्मन कुकनं त्याला नवा ठेका दिलेली आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. याच बँडनं त्याच अल्बमवर ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीत गायलं.

कॉर्नरशॉपनं आशाताईंची चाल उचललेली नाही. सतारीचा तुकडा चिकटवलेला नाही. त्यांनी असं म्हटलं की आमच्या घरात गाणं म्हणजे हे होतं, आणि आम्ही गिटार वाजवतो ते या घरातून येऊन. प्रभाव कबूल करण्याचा याहून प्रामाणिक प्रकार मला माहीत नाही. ओएसिसनं नाव घेतलं, कुला शेकरनं मंत्र घेतला, कॉर्नरशॉपनं माणूस घेतला. म्हणून या तिघांत कॉर्नरशॉप मोठा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की हे सगळं ‘जगात जे चांगलं ते आमचंच’ या सवयीतून आलेलं आहे. तसं नाही. ‘रिव्हॉल्व्हर’ लिव्हरपूलच्या चार तरुणांचा आणि त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा आहे. अनिल भागवत तिथे सोबतीला होते. माझा आग्रह मालकीचा नाही, नोंदीचा आहे. मालकी सांगायला अभिमान पुरतो. नोंद करायला मेहनत लागते, आणि ती आपण केलेली नाही.

दुसरा आक्षेप पेडण्यातूनच येईल, आणि तो जास्त गंभीर आहे. रॉक म्हणजे हरमलच्या किनाऱ्यावरून आलेलं, हिप्पींचं, रात्री झोपू न देणारं, अमली पदार्थांच्या सोबतीनं आलेलं. जमिनींचे भाव, किनाऱ्यावरचे पब, कोर्टात गेलेली ध्वनिप्रदूषणाची प्रकरणं, हे सगळं खरं आहे, आणि रात्री दहानंतरच्या आवाजाविरुद्ध गावांनी घेतलेली भूमिका मला शंभर टक्के मान्य आहे. पण आवाजाविरुद्धची तक्रार म्हणजे संगीताविरुद्धचा निकाल नव्हे. किनाऱ्यावर जे वाजतं त्यातलं पुष्कळसं तर संगीत म्हणूनही टाकाऊ आहे. हॉटेलांतले बँड वर्षानुवर्षं साठच्या दशकातली तीच पंचवीस-तीस गाणी जशीच्या तशी वाजवतात. साठच्या दशकाचा प्रभाव म्हणजे हे नव्हे. प्रभाव काय असतो ते शापोरा नदीच्या पलीकडे, शिवोलीत बघायला मिळालं. रेमो फर्नांडिस बीटल्स ऐकतच वाढला, शाळेत असताना त्यानं बीट बँड काढला, आणि १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ घरीच, सगळी वाद्यं स्वतः वाजवून मुद्रित केला. कुठलीही कंपनी पाठीशी नव्हती. कॅसेट त्यानं स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या. गाणी गोव्याबद्दल होती, लिव्हरपूलबद्दल नाही. बीटल्सकडून शिकायचं ते हे: आपल्या गल्लीबद्दल लिहायचं.

मग शिवोलीत जे झालं ते कोरगावात, मांद्र्यात, धारगळात, साखळीत का झालं नाही? मराठीत, पेडण्याच्या बोलीत, पखवाजाच्या ठेक्यावर गिटार लावून कुणी का गायलं नाही? आपल्याकडे गळे आहेत, लयीची माणसं आहेत, रात्रभर उभं राहून ऐकणारा प्रेक्षक दशावतारानं तयार करून ठेवला आहे. पणजीत कला अकादमीत भारतीय संगीताचा विभाग आहे आणि पाश्चात्त्य संगीताचाही, आणि नाट्यगृहाला नाव दीनानाथ मंगेशकरांचं आहे. तरीही दोन गोवे एका खोलीत यायला साठ वर्षांपूर्वी मुंबईला जावं लागलं, आणि आजही आपल्या मुलाला पेटी शिकवायची की गिटार, हा आपल्या घरांत धर्माचा प्रश्न होतो. तो धर्माचा प्रश्न नाही. तसा तो केल्यामुळे नव्या काबिजादीतली दोन पिढ्यांची मुलं रॉककडे फक्त दुरून बघत राहिली.

पेडणे आणि डिचोली तालुक्यातल्या वाचकांकडे माझं एक मागणं आहे. या गावांतून कितीतरी माणसं मुंबईला गेली: नाटक कंपन्यांत, सिनेमाच्या वाद्यवृंदांत, गिरगाव-परळच्या भजनी मंडळांत. त्यांतल्या कुणी कुठल्या गाण्यात तबला, पेटी, बासरी, ढोलकी वाजवली, हे आज फक्त घरच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. चतुर्थीला मुंबईची मंडळी गावात येतील. त्यांना विचारा, नाव लिहा, वाद्य लिहा, संगीतकाराचं नाव आणि साल लिहा, आणि ती वही गावच्या वाचनालयात नेऊन द्या. फोटो असेल तर त्याची प्रत लावा. अण्णा जोशींचं नाव शोधायला लागला तेवढा वेळ आपल्या हातात नाही.